शिकून गेले तर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमची द्राक्षबाग बघायला येणारे बहुतेक जण हेच विचारतात: नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठच्या डोंगरातून येणाऱ्या मजुरांना एवढं शिकवता, ते शिकून निघून गेले तर?

पण शिकवतो फक्त आम्हीच, असं कुठे आहे? ऑक्टोबर छाटणीला त्यांची टोळी येते ती दिंडोरी-निफाडच्या कितीतरी बागा फिरून. कोणी काडीवर किती डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, राखले, फूट एकसारखी यावी म्हणून पेस्ट कधी लावली, मध्येच पाऊस आला तेव्हा काय केलं, हे सगळं मुकादमाला ठाऊक असतं. शेजारचा बागाईतदार आपली फसलेली फवारणी सांगत नाही. तिथं राबलेली माणसं सांगतात.

विरळणीचंच घ्या, म्हणजे घडातला काही माल कापून तो मोकळा करणं. आमची द्राक्षं थॉमसन जातीची. निर्यातीला मणी 18 मिलिमीटरच्या आसपास फुगवायचा, तर घड मोकळा हवा. दाटी राहिली की मणी दबतात, आत कूज धरते. हे माहीत असूनही धरलेला माल कापायला मालकाचा हात धजत नाही. टोळीतल्या एक मावशी म्हणाल्या, "ताई, पलीकडं दहाच पाकळ्या ठेवल्यात. बघून तर या." पाकळी म्हणजे घडातली मण्यांची छोटी फांदी. मी जाऊन पाहिलं आणि आमच्याकडेही तशीच विरळणी केली. त्या हंगामात आमचा माल एकसारखा निघाला. त्याचं श्रेय त्या मावशींचं.

तिकडे डोंगरात पाऊस धो धो, पण उतारावर पाणी ठरत नाही. भात, नागली, वरईवर वर्ष निघत नाही, म्हणून ही माणसं देशावर येतात. जाताना ठिबक जोडणं, वाफ्यावर मल्चिंग पेपर (प्लास्टिकचं आच्छादन) अंथरणं, तार-बांबूवर टोमॅटो चढवणं हातात घेऊन जातात. सापुताऱ्याच्या रस्त्यावर सुरगाण्याची स्ट्रॉबेरी विकायला असते ना? त्या वाफ्यांत राबणाऱ्या काहींनी मल्चिंग पहिल्यांदा इकडेच हाताळलं, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय. फार बरं वाटलं.

मला खुपतं ते वेगळंच. गावात द्राक्षाचं चर्चासत्र असलं की खुर्च्यांवर आम्ही मालक, आणि कात्री चालवणारी टोळी बागेत. मजुरीच्या हिशेबात तर त्यांना अकुशलच धरतात. डोळा ओळखून काडी कापणारा माणूस अकुशल कसा?

उद्या त्यांची स्वतःची शेती उभी राहिली की छाटणीला माणसं कमी पडतील, हे खरंय. तेव्हा आम्हाला एकरी दर वाढवावा लागेल. तो आजही वाढवायला हवा.