पंचवीस मिनिटं

मंगळवार, रात्री पावणेबारा

आज पाळणाघरात पोचायला पंचवीस मिनिटं उशीर झाला. मीटिंग लांबली, त्यात पाऊस. बाकीची मुलं केव्हाच गेलेली. सई एकटीच दाराजवळच्या बाकावर बसली होती, बूट घालून, दप्तर मांडीवर घेऊन. रडली नाही, रुसली नाही. "आलीस?" एवढंच म्हणाली. त्यापेक्षा भांडली असती तर बरं झालं असतं.

शनिवारी 'डार्क वॉटर' हा भयपट बघितला नसता तर कदाचित हे इतकं लागलं नसतं. हिदेओ नाकाताचा, २००२ चा, जपानी. रविवारी २००५ चा अमेरिकन बघितला, वॉल्टर सॅलेसचा. अनिकेत म्हणाला, गोष्ट एकच, दोनदा काय बघायचं? गोष्ट एकच आहे, खरंय. दोन्हीकडे सुरुवातीलाच भर पावसात एक मुलगी शाळेत आईची वाट बघत थांबलेली. ती मोठी होते, तिला मुलगी होते, घटस्फोट, मुलीच्या ताब्यावरून ओढाताण, जुनाट इमारतीत भाड्याचं घर. छतावर ओलीचा डाग, रोज थोडा मोठा होणारा. आणि एक हरवलेली मुलगी, जिला न्यायला कुणी आलंच नाही.

अमेरिकन सिनेमा डालियाचं, म्हणजे त्यातल्या आईचं, बालपण उलगडून सांगतो. तिची आई दारू प्यायची, पोरीला टाकून गेली. डालियाची अर्धशिशी, तिच्या गोळ्या, सगळं. म्हणजे त्या आईला दोष देता येतो. नाकाता योशिमीच्या, म्हणजे जपानी सिनेमातल्या आईच्या, आईबद्दल फारसं बोलतच नाही. पाऊस आणि थांबलेली पोर, बस. तिथे कुठलीही आई बसते. मीही बसते.

आणि ती लिफ्ट. योशिमी मुलीला छातीशी धरून आत शिरते आणि समोरून तिची खरी मुलगी, इकुको, चालत येताना दिसते. मग कडेवर कोण? तिला कळतं. आणि ती त्या दुसरीलाच, त्या हरवलेल्या, मेलेल्या मुलीला, जवळ घेते, म्हणजे आपली वाचेल. इकुको जिन्याने वर धावते. लिफ्टचं दार उघडतं तर आतून नुसतं गढूळ पाणी. मी तिथे भ्यायले नाही. मला रडू फुटलं. आपली आई दुसऱ्याच मुलीची होऊन गेली, हे त्या एवढ्याशा पोरीला कुणी समजावून सांगायचं? पुढे थेट दहा वर्षांनी इकुको त्या घरी येते. आई भेटते, पण राहत नाही. मागे वळून बघेपर्यंत नाहीशी.

दहा वर्षं. आणि मी पंचवीस मिनिटांचं घेऊन बसलेय. पण त्या बाकावर मिनिटं कुठे मोजता येतात? सईला घड्याळही वाचता येत नाही अजून.

मीच का धावायचं, हेही मनात येतंच. अनिकेतचं ऑफिस तर... जाऊ दे.

अमेरिकन सिनेमात सगळं लवकर उरकतं. काही आठवड्यांतच मेलेली आई लिफ्टमध्ये येते, लेकीची वेणी घालते, मी आहेच म्हणते. रविवारी मला याचा राग आला होता. इतक्या स्वस्तात सांत्वन? दुःख पुरतं भोगूही देत नाहीत, असं अनिकेतला तावातावाने सांगितलं. आज सईची वेणी सोडताना तोच प्रसंग डोळ्यांपुढे आला. जपानी सिनेमा मोठा आहे, यात मला अजूनही शंका नाही. पण आज रात्री मला ती वेणी हवी होती.

केस विंचरून झाल्यावर सई म्हणाली, "उद्या पण उशीर होणारे?"

खोटं बोलवेना. "होईल कदाचित."

ती उठली, चित्रांची वही आणि रंगपेटी दप्तरात टाकली, चेन लावली आणि येऊन झोपली.