जायफळाच्या बेटांवरची विहीर

इंडोनेशियातल्या बांदा बेटांची एकच गोष्ट सगळ्यांना सांगायची असते. 1667च्या ब्रेडाच्या तहात डचांनी रुन हे चिमुकलं बेट घेतलं आणि बदल्यात इंग्रजांना मॅनहॅटन दिलं! अंबोनहून येताना बोटीवर हेच ऐकलं, उतरल्यावर जेवणाच्या टेबलावरही हेच. खरं तर इंग्रजांनी मॅनहॅटन 1664मध्येच बळकावलं होतं. ज्याच्या ताब्यात जे होतं ते त्याच्याकडे राहिलं, इतकंच.

बांदा नैरा या इथल्या मुख्य बेटाला निळं पाणी आहे, समोर गुनुंग आपी ज्वालामुखी आहे, माणसं अगत्याची आहेत. बेल्जिका किल्ला चढून पाहिला, जायफळाच्या फोडींचा मुरंबा मनसोक्त खाल्ला. पण मन अडकलं ते पारिगी रांते या विहिरीपाशी.

1621मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीचा यान पीटरसून कून इथे फौज घेऊन आला. बांदाच्या लोकांचा गुन्हा एवढाच की त्यांनी आपलं जायफळ इंग्रजांना आणि जावाच्या व्यापाऱ्यांनाही विकलं. चाळीसहून अधिक प्रमुखांना नासाऊ किल्ल्याजवळ जपानी भाडोत्री सैनिकांकडून कापून काढलं. विहिरीपाशी त्यांची नावं कोरली आहेत. मी ती एकेक करून मोठ्याने वाचली. अंदाजे 15,000 वस्तीतले जेमतेम हजारभर बेटांवर उरले. बाकीचे मारले गेले, उपासमारीने गेले, गुलाम म्हणून बटाव्हियाला (आजच्या जकार्ताला) नेले गेले किंवा पळाले. मग कंपनीने जायफळाच्या बागांचे तुकडे पाडून डच मळेवाल्यांना दिले आणि राबायला बाहेरून गुलाम आणले.

या बागांतून मी हिंडले. उंच केनारी वृक्षांच्या सावलीत जायफळाची झाडं, उकललेल्या फळात लालभडक जायपत्री. आपल्याकडे पुरणात, श्रीखंडात चिमूटभर पडतं ते हेच. इतक्या माणसांचा जीव त्यापायी गेला, आणि जगाला लक्षात राहिली ती मॅनहॅटनची गंमत. याचा मला मनापासून संताप येतो.

रुनला जायला पैसे आणि वेळ असेल तर जरूर जा, पण आधी नैराच्या या विहिरीपाशी थांबा.

पळालेल्यांतले काही केई बेटांवर पोचले. बांदाची मूळ भाषा आज बांदावर कोणी बोलत नाही. ती बोलली जाते तिकडे, बांदा एली आणि बांदा एलात या गावांत. मला आता तिथे जायचं आहे.