पेन्सिलीचं टाचण

इमारत, घंटा, मैदान, स्नेहसंमेलनं हे सगळं बाकीचे लिहितीलच. स्मरणिकेसाठी लिहा असा निरोप आला तेव्हा मला आठवली ती आमच्या गणिताच्या सरांची पाठटाचणाची वही.

सर टाचण पेन्सिलीनं काढत. बाकीच्या शिक्षकांच्या वह्या निळ्या शाईत, समासबिमास आखून, सहीला तयार. सरांची वही फिकट. तास संपला की प्रत्यक्षात जेवढं शिकवून झालं तेवढ्याच ओळींवर ते शाई फिरवत आणि उरलेलं खोडून पुढच्या दिवसाच्या रकान्यात ढकलत. काही पानं खोडून खोडून इतकी झिजली होती की मागचं अक्षर पुढे दिसे. मुख्याध्यापकांशी त्यांचं यावरून दर सत्रात एकदा वाजायचंच. "साहेब, पेन्सिल माझी, शाई वरच्याची," असं सरांना म्हणताना मी स्वतः ऐकलंय. मी तेव्हा शिक्षक-खोलीच्या दाराबाहेर उभा होतो. का उभा होतो ते विचारू नका.

मी १९९४ च्या दहावीचा. हा वैमानिक होणार, हे शाळेत शिपाईमामांपासून सगळ्यांना ठाऊक होतं, कारण मीच ते सगळ्यांना सांगितलं होतं. भूगोलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर पुढच्या आठ वर्षांचा तक्ता होता. शाईनं. रोजच्या प्रार्थनेत हात जोडले की मी देवापुढे तोच तक्ता धरायचो. खाली फक्त त्याची सही राहिलेली.

१९९६ साली लेखी परीक्षा पार पडली, निवड मंडळाचे पाच दिवसही निभावले. उरली वैद्यकीय तपासणी. डॉक्टरांनी पुढ्यात ठिपक्यांचं पुस्तक ठेवलं. शिनोबू इशिहारा या जपानी नेत्रतज्ज्ञानं १९१७ साली तयार केलेली ती चाचणी. रंगीत ठिपक्यांची गोल चित्रं, प्रत्येकात एक आकडा लपलेला. पहिल्या पानावर १२, तो सगळ्यांनाच दिसतो. दुसऱ्या पानावर मी ठणकावून "तीन" म्हटलं. तिथे आठ होता. पुढे एका पानावर मला स्वच्छ २१ दिसला. तिथे ७४ होता, हे नंतर कळलं. काही दिसलंच नसतं तर इतकं लागलं नसतं. मला दिसत होतं, आणि जे दिसत होतं ते तिथे नव्हतं. डॉक्टर मान वर न करता पानं उलटत राहिले. पाच-सात मिनिटांत आठ वर्षांचा तक्ता निकालात निघाला.

तांबड्या-हिरव्या रंगाचा हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणजे मुलाकडे आईकडून. हे मी आईला कधीच सांगितलं नाही.

नंतर जो तो एकच वाक्य घेऊन यायचा: देव करतो ते भल्यासाठीच. म्हणणाऱ्यांच्या मनात माया होती, नाही असं नाही. पण अठराव्या वर्षी ते वाक्य थोबाडीत बसल्यासारखं लागतं. पुढे पुढे त्यात डॉ. कलामांची भर पडली. हवाई दलाच्या निवडीत ते नववे आले, जागा आठच होत्या, आणि बघ पुढे कुठे पोचले! राष्ट्रपती असताना, ८ जून २००६ ला, ते सुखोई-३० मध्ये बसून उडालेसुद्धा. सगळं खरं. पण मी काही नववा आलो नव्हतो, आणि हुकलेल्या प्रत्येकाला राष्ट्रपती करायला देवाकडे तेवढी राष्ट्रपतीपदं नाहीत. मला विमानात आजवर खिडकीची जागा मिळाली आहे, एवढंच.

हात जोडणं मी बंद केलं. देव नाही असं वाटलं म्हणून नव्हे. अबोला धरला, एवढंच.

त्याच पावसाळ्यात एकदा सरांकडे गेलो. ऐकून ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "प्रमेयातली रचना मी तांबड्या खडूनं काढायचो. तुझ्या वहीत ती रेघ कधीच नसायची. मी तुला आळशी समजून दोनदा वर्गाबाहेर काढलं." सर माफी मागत होते. मला मात्र पहिल्यांदाच हसू आलं. काळ्या फळ्यावरची ती तांबडी रेघ मला खरंच कधी दिसली नव्हती. सर हवेत हात का फिरवतात, असं वाटायचं. भल्यासाठी वगैरे ते काही बोलले नाहीत. "आता वेळ आहे ना तुला? एक मुलगा दहावीला बसतोय. डोळ्यांनी दिसत नाही. त्याला भूमिती वाचून दाखवायला कुणी नाही."

गेलो. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून गेलो, हे प्रामाणिकपणे सांगतो. पहिल्या दिवशी "आकृतीत दाखवल्याप्रमाणे" हे शब्द वाचले आणि अडकलो. दुसऱ्या दिवशी पुठ्ठा, टाचण्या आणि दोरा घेऊन गेलो. त्यानं दोऱ्यावरून बोट फिरवलं, एका टाचणीपाशी थांबला आणि म्हणाला, "इथून समोरच्या बाजूवर लंब टाकला तर?" ज्या रेघेपायी मी वर्गाबाहेर उभा राहिलो होतो, तीच रचना हा बोटांनी शोधून काढत होता.

त्याच्याकडूनच मी ब्रेल शिकलो. सहा ठिपके, त्यांच्या ६३ जुळण्या. १९५१ पासून आपल्या भाषांसाठी भारती ब्रेल आहे. त्यात पहिला आणि तिसरा ठिपका म्हणजे क. पाटीवर टोचताना उजवीकडून डावीकडे, उलटं लिहायचं, कारण उठाव कागदाच्या मागच्या बाजूला येतो. ठिपक्यांनी घालवलं आणि ठिपक्यांनीच ठेवून घेतलं, असं माझे सहकारी कौतुकानं म्हणतात. मी हसून सोडून देतो. देवाला इतकं कोटीबाज समजू नये. लुई ब्रेलचा डोळा वयाच्या तिसऱ्या वर्षी वडिलांच्या कारखान्यात आरी लागून गेला, मग दुसऱ्याचीही दृष्टी गेली, आणि तसल्याच टोकदार हत्यारानं पुढे त्याची लिपी लिहिली गेली. यावर भाषण छान होतं. पण त्या तीन वर्षांच्या पोराला विचारलं असतं तर त्यानं डोळेच मागितले असते.

पदवी, मग विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण, आणि तेव्हापासून दृष्टिहीन मुलांना गणित शिकवतो. हे वैमानिक होण्यापेक्षा चांगलं का? माहीत नाही, वैमानिक झालोच नाही, तुलना कशाशी करणार?

२०२१ साली माझी पत्नी गेली. आमचा दोघांचा एक लांबचा प्रवास ठरलेला होता, पिशव्यासुद्धा काढून ठेवल्या होत्या. त्यात भलं काय होतं ते मला अजून सापडलेलं नाही, आणि कुणी शोधून दिलं तर मी घेणार नाही. या वेळी मात्र देवाशी अबोला धरला नाही. भांडलो. रात्र रात्र, मोठ्यानं, शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं. परक्याशी कुणी एवढं भांडत नाही. पंधराव्या दिवशी शाळेत रुजू व्हायचं होतं. आदल्या रात्री वही उघडली, तारीख घातली, त्रैराशिकाची उदाहरणं काढली. पेन्सिलीनं. लिहून झाल्यावर हात आपसूक जोडले गेले. मागितलं काहीच नाही. मागायचं काय ते सुचलंही नाही. दुसऱ्या दिवशी निम्मीच उदाहरणं झाली. तेवढ्यांवर शाई फिरवली.

सर आता नाहीत. त्यांची एखादी वही शाळेच्या कपाटात निघाली तर मला ती पाहायची आहे, समितीनं एवढं बघावं. संमेलनाला येणार का, असं विचारलंत. त्या तारखेपुढे 'येणार' असं पेन्सिलीनं लिहून ठेवलंय. स्वागताला फळा रंगवणार असाल, तर माझं नाव तेवढं पांढऱ्या खडूनं लिहा.