पर्ज केलं तरी लायब्ररी जागची हलेना

मार्चमध्ये सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पोत्यांतून वाट काढावी लागते. त्यात एका अडत दुकानातल्या काट्याचा संगणक सकाळपासून वजनच घेईना. काट्याचा इंडिकेटर आरएस-४८५ या तारेच्या जोडणीवरून मॉडबस या ठरलेल्या भाषेत वजन पाठवतो आणि उबंटूवरचा सी भाषेतला छोटा प्रोग्राम लिबमॉडबस या तयार लायब्ररीच्या मदतीने ते वाचून पावतीत टाकतो. आदल्या रात्री प्रोग्रामची नवी आवृत्ती चढवली होती. आता सुरू केला की एकच ओळ: सेगमेंटेशन फॉल्ट, म्हणजे प्रोग्रामने नको त्या मेमरीला हात लावला.

"दादा, लिबमॉडबस तीनदा काढून परत टाकलं. पर्ज पण केलं. तसंच हुतंय," दुकानातला पोरगा म्हणाला.

मीही पर्जच केलं, म्हणजे पॅकेज सेटिंगच्या फाइलींसकट काढलं, पण परत टाकलं नाही. लायब्ररी खरंच गेली असती, तर प्रोग्रामने 'शेअर्ड ऑब्जेक्ट फाइल उघडत नाही' अशी तक्रार करायला हवी होती. तो मात्र पूर्वीसारखाच सेगमेंटेशन फॉल्ट देऊन पडला. प्रोग्राम कुठली लायब्ररी उचलतो ते दाखवणारं एलडीडी त्याच्यावर चालवलं, तर उत्तर आलं: /यूएसआर/लोकल/लिब/लिबमॉडबस.एसओ.५. ही फाइल कोणत्या पॅकेजची, हे 'डीपीकेजी -एस'ला (कॅपिटल एस) विचारलं. कुठल्याच नाही.

कधीकाळी कुणीतरी ३.० मालिकेतली लायब्ररी सोर्समधून 'मेक इन्स्टॉल' करून ठेवली होती. एपीटी या उबंटूच्या पॅकेज व्यवस्थापकाच्या वहीत तिची नोंदच नाही, मग ते काढणार काय? शिवाय उबंटूत लोडर (प्रोग्राम सुरू होताना लायब्ररी शोधून जोडणारा) यूएसआर-लोकलमधली प्रत आधी उचलतो. म्हणजे पोराने टाकलेली नवी लायब्ररी तिन्ही वेळा डिस्कवर नुसती बसून होती.

पण पडायचं कारण काय? जुनी ३.० आणि नवी ३.१ या दोन्हींचं एसओ-नाव (लोडर लायब्ररी ओळखतो ते) ५च, त्यामुळे लोडर हरकत घेत नाही. टाइमआउट ठरवणाऱ्या फंक्शनचे आर्ग्युमेंट मात्र मधल्या काळात बदलले. जुनं फंक्शन टाइमव्हॅल स्ट्रक्चरचा पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता, घेतं, नवं सेकंद आणि मायक्रोसेकंद असे दोन आकडे. आमचा प्रोग्राम नव्या पद्धतीने पाठवत होता १ आणि ०. जुन्या लायब्ररीने तो १ मेमरीचा पत्ता समजून तिथे वाचायला हात घातला. जीडीबी या डीबगरमध्ये सरळ दिसलं: टाइमआउट = ०एक्स१.

काढायचं तर सोर्सचा फोल्डर केव्हाच उडवलेला. यूएसआर-लोकलमधल्या मॉडबस-व्हर्जन हेडरात आवृत्तीचा नेमका आकडा सापडला. तेच सोर्स उतरवलं, प्रीफिक्स (कुठे बसवायचं तो फोल्डर) न बदलता कॉन्फिगर केलं, 'मेक -एन अनइन्स्टॉल'ने काय काय पुसलं जाईल ते आधी वाचलं, मग खरं अनइन्स्टॉल. वर लोडरची यादी ताजी करायला एलडीकॉन्फिग. आता प्रोग्राम 'फाइल नाही' म्हणून रडला. दिवसभरातला पहिला योग्य एरर!

परत टाकताना लिबमॉडबस५ नाव घेऊन टाकलं. पोरगा लिबमॉडबस-डेव्ह टाकत होता. ते कंपाइल करायला लागतं, काट्यावर त्याचं काम नाही. त्याच्या मागून आलेलं लिबमॉडबस५ 'ऑटो', म्हणजे दुसऱ्यासाठी आपोआप आलेलं, म्हणून नोंदलं जातं. उद्या कुणी डेव्ह काढून ऑटोरिमूव्ह मारला, की तेही जाणार, कारण हाताने कॉपी केलेल्या प्रोग्रामला त्याची गरज आहे हे एपीटीला कळायला मार्ग नाही. आधीच टाकून झालं असेल तर 'एपीटी-मार्क मॅन्युअल' करून ठेवावं.

पुन्हा एलडीडी: या वेळी /लिब/एक्स८६_६४-लिनक्स-जीएनयू. पोराने पोतं काट्यावर टाकलं, पडद्यावर आकडा हलला.