आजपासून गोळ्या बंद

गणिताचे शिक्षक, वय चाळिशीच्या आत, बायपोलर आजार (मूडचे टोकाचे चढ-उतार). मॅनियाचा, म्हणजे अति-उत्साहाच्या टोकाचा, शेवटचा झटका येऊन सव्वा वर्ष झालेलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) केसपेपरवर सगळं आलबेल होतं: झोप नीट, कामावर नियमित, मूड स्थिर. मूड स्थिर ठेवणारं लिथियम ९०० मिलिग्रॅम आणि मॅनिया आटोक्यात ठेवणाऱ्या क्वेटियापिनची हळूहळू विरघळणारी ४०० मिलिग्रॅमची गोळी, दोन्ही रात्री एकदाच. आणि ते आले ते निर्णय घेऊनच. "डॉक्टर, आजपासून गोळ्या बंद. डोक्यात ओला कापूस भरल्यासारखं झालंय. फळ्यापाशी उभा राहतो आणि साधा शब्द सापडत नाही."

सोबत थोरली बहीण होती. "तुम्हीच समजवा याला. मागच्या वेळी काय काय झालं ते आम्ही पाहिलंय."

अशा वेळी समजावण्याची घाई करून काही हाती लागत नाही. 'गोळ्या सोडू नका' हे त्या माणसाने इतक्यांदा ऐकलेलं असतं, की ते पुन्हा ऐकवलं म्हणजे आपण त्याची तक्रारच ऐकली नाही, असं त्याला वाटतं. आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. मी म्हटलं, बंद करायचं की नाही हे शेवटी बोलू, आधी हे कुठल्या गोळीमुळे होतंय ते शोधू या.

पहिली दोन मिनिटं लिथियमच्या विषबाधेची लक्षणं नाहीत ना, हे बघण्यात गेली. हात पुढे करायला सांगितले: बोटांना बारीक थरथर, लिथियमवर असलेल्या अनेकांना असते तेवढीच. चाल सरळ, उच्चार स्पष्ट, उलट्या-जुलाब नाहीत. हाताला मोठा कंप, झोकांड्या, जड जीभ किंवा गोंधळलेपणा असता तर गप्पा तिथेच थांबवून तातडीने रक्त पाठवलं असतं. रिपोर्टमधला आकडा मर्यादेत असूनही मेंदूवर लिथियमचा विषारी परिणाम होऊ शकतो, म्हणून आधी माणूस बघायचा, मग कागद. अंगदुखीसाठी काही घेता का, हेही विचारलं. ते फक्त पॅरासिटामॉल घेत होते. आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक असतं तर गोष्ट वेगळी झाली असती; या गोळ्या मूत्रपिंडातून लिथियम बाहेर पडू देत नाहीत आणि पातळी चढते. रक्तदाबाच्या काही औषधांनीही तेच होतं.

मग एका कोऱ्या कागदावर आडवी रेघ मारली, तिच्यावर चोवीस तास पाडले आणि पेन त्यांच्या हातात दिलं. गोळ्या किती वाजता, झोप कधी, जाग कधी, डोकं जड कधी, शब्द अडतात कधी. 'दिवसभर सुस्त वाटतं' असं सांगणारा माणूस रेघेवर खुणा करायला लागला की दिवसभराचे तुकडे पडतात. इथेही पडले. सकाळी सात ते अकरा त्यांनी पेनने गडद काळं केलं. अकरानंतर फिकट तिरक्या रेघा, त्या थेट रात्रीपर्यंत. म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी होत्या: एक सकाळची झापड, दुसरी दिवसभराची मंदगती.

गोळ्यांच्या वेळेपाशी त्यांनी लिहिलं होतं साडेबारा. रात्री वह्या तपासून झाल्यावर, अंथरुणावर पडताना. क्वेटियापिनची ही गोळी रक्तात सर्वाधिक पातळीला पोचायला साधारण ६ तास घेते. साडेबाराला घेतली तर शिखर येतं सकाळी साडेसहाला, नेमकं गजराच्या वेळेला. साधी गोळी दीड तासात शिखरावर जाते, म्हणून ती झोपताना घेतलेली चालते, ही नाही. त्यात ती भरल्या पोटी, तेलकट जेवणावर घेतली तर रक्तातली पातळी आणखी वर जाते. रिकाम्या पोटी किंवा हलक्या खाण्याबरोबर, संध्याकाळीच घ्यायची. आणि तोडायची नाही. तोडली की हळूहळू सुटण्याची सोयच संपते. दोन्ही औषधांचा डोस तोच ठेवून फक्त वेळ रात्री साडेआठवर आणली. ही मी वर्षभरात सर्वाधिक वेळा केलेली आणि सर्वांत स्वस्त दुरुस्ती असावी.

दिवसभराच्या मंदगतीचा माग काढणं अवघड. ती नैराश्याची सुरुवात तर नाही? मी विचारतो, करावंसं वाटतं का? नैराश्यात बहुधा इच्छाच आटते, सोबत अपराधीपणा येतो, पहाटे लवकर जाग येते. यांना शिकवायची हौस पूर्वीइतकीच होती, पण वेग येत नव्हता. मी मोजमाप मागितलं, तर गणिताच्या माणसाने लगेच दिलं: पूर्वी दहा उत्तरपत्रिका पन्नास मिनिटांत व्हायच्या, आता दीड तास लागतो.

'पूर्वी' म्हणजे कधी, हे विचारायलाच हवं. बायपोलरमध्ये तुलना पुष्कळदा हायपोमॅनियाच्या (सौम्य मॅनियाच्या) दिवसांशी होते, आणि त्या वेगापुढे कुठलंही औषध हरतं. बहीण म्हणाली, "तेव्हा याने एका रात्रीत अख्खा गठ्ठा संपवला होता. बेरजा चुकल्या म्हणून पुन्हा तपासायला लागला." ते हसले. पण पन्नास मिनिटांचा आकडा आजाराच्या आधीच्या शांत वर्षांतला होता, हे दोघांनीही सांगितलं. म्हणजे तक्रार खरी होती.

लिथियमचा ताजा रिपोर्ट त्यांच्याकडे होता: १.१ मिलिमोल प्रति लिटर. टिकवून ठेवण्याच्या उपचारात आपण साधारण ०.६ ते ०.८ धरतो. हा आकडा बघून डोस ६०० करायचा मोह कुणालाही होईल. पण लिथियमची पातळी शेवटच्या डोसनंतर १२ तासांनीच मोजायची असते; सगळे ठरलेले आकडे त्याच वेळेचे आहेत. साडेबाराला गोळ्या घेऊन यांनी रक्त दिलं होतं सकाळी साडेसातला, अवघ्या ७ तासांनी. वेळ साडेआठ केल्यावर आठवड्याने, सकाळी साडेआठला, गोळी न घेता रक्त घेतलं: ०.८. लिथियमची पातळी डोसच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे ६०० केलं असतं तर ती ०.५३च्या आसपास उतरली असती. डोकं कदाचित हलकं झालं असतं, पण संरक्षण पातळ झालं असतं. प्रयोगशाळेच्या कागदावर रक्त घेतल्याची वेळ असते, गोळी घेतल्याची नसते. ती रुग्णाने स्वतः पेनने लिहून आणावी, असं मी सगळ्यांना सांगतो.

त्याच रक्तात टीएसएच पाठवला होता; थायरॉइड मंदावलं की हा आकडा वाढतो. तो आला १२, म्हणजे सर्वसाधारण वरच्या मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट. फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, कमी. लिथियम थायरॉइडचं काम मंदावू शकतं, आणि मंद थायरॉइडची लक्षणं म्हणजे सुस्ती, थंडी सहन न होणं, विचारांची गती कमी होणं, शब्द न आठवणं. रुग्ण म्हणतो औषधाने डोकं बधिर झालं, आणि ते बरोबरच असतं, फक्त वाट गळ्यातून जाते. म्हणून लिथियमवर दर ६ महिन्यांनी टीएसएच आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची चाचणी), आणि कॅल्शियमही बघायचं. वाढलेल्या कॅल्शियमनेही माणूस थकतो, गोंधळतो. यांची थायरॉइडची तपासणी मध्ये एकदा राहून गेली होती. लेव्होथायरॉक्सिन (थायरॉइड संप्रेरकाची गोळी) ५० मायक्रोग्रॅम सुरू केलं, सकाळी उपाशीपोटी, नाश्त्याआधी अर्धा-पाऊण तास, लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांपासून ४ तास लांब. पुढचा टीएसएच ६ ते ८ आठवड्यांनी. त्याआधी बघून काही कळत नाही.

एवढं सगळं एकदम बदलू नये, हा माझा हट्ट असतो. एका वेळी एकच बदल, आणि पुढच्या बदलाआधी थांबून मोजणं. नाहीतर फरक पडला तरी कशाने पडला ते कळत नाही. मोजायला त्यांच्या दहा उत्तरपत्रिका होत्याच: आठवड्यातून दोनदा, एकदा सकाळी दहाला, एकदा संध्याकाळी पाचला, मिनिटं वहीत.

"क्वेटियापिन काढून एरिपिप्राझोल दिलं तर?" त्यांनी वाचलं होतं, की क्वेटियापिनच्याच गटातल्या या औषधाने झोप येत नाही. खरं आहे, पण त्याचे मानसिक दुष्परिणाम वेगळे आहेत. आतून अस्वस्थता येते, एका जागी बसवत नाही, पाय हलत राहतात; घरचे त्याला मॅनिया समजतात, कधी डॉक्टरही, आणि डोस वाढवला की ती आणखी चढते. काहींना जुगाराची किंवा खरेदीची आवरता न येणारी ओढ लागते. व्हॅल्प्रोएट या मूड स्थिर ठेवणाऱ्या दुसऱ्या औषधाचं नावही निघालं. त्यावर कुणी अचानक झोपाळू, गोंधळलेला झाला तर रक्तातला अमोनिया बघावा लागतो, यकृताच्या चाचण्या नॉर्मल असल्या तरी; सोबत टोपिरामेट (फिट्सचं औषध) असेल तर धोका जास्त, आणि टोपिरामेट एकट्यानेही शब्द हरवतात. चालू औषध नीट लावायच्या आधी नवीन आणू नये.

शेवटी बंद करण्याचा विषय काढला, कारण तसं कबूल केलं होतं. लिथियम एका झटक्यात सोडलं तर पुढच्या काही महिन्यांत मॅनिया उलटण्याचा धोका फार वाढतो. सोडायचंच ठरलं तर किमान ४ आठवडे, जमल्यास ३ महिने घेऊन उतरवायचं. "तुम्ही सोडणारच असाल तर मला सांगून सोडा, आपण उतरवू," असं म्हटल्यावर त्यांनी खिशातून गोळ्यांची पाकिटं काढून बहिणीच्या हातात दिली.

वेळ बदलल्यावर आठवडाभरात सकाळची झापड बरीच उतरली. मग क्वेटियापिन दर दोन आठवड्यांनी ५० मिलिग्रॅमने कमी करत ३००वर आणलं. टीएसएच ३ झाला तेव्हा दहा उत्तरपत्रिकांना पासष्ट मिनिटं लागत होती. शब्द अजूनही अधूनमधून अडतात. त्यासाठी ते तासाला जाण्याआधी महत्त्वाच्या संज्ञा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतात. आता लिथियम थोडं कमी करून पातळी ०.६५च्या आसपास चालते का, ते बघायचं आहे. ते परीक्षांचा हंगाम संपल्यावर, सुटीत, बहीण घरी असताना. सलग दोन रात्री झोप ५ तासांच्या खाली गेली तर तिने त्यांना न विचारता मला फोन करायचा, हे तिघांनी मिळून वहीत लिहून ठेवलंय.