आषाढ द्वादशी, सात ओव्या

आज रविवार आणि चिखलकाला, म्हणजे देवळापुढे चिखलात खेळायचा उत्सव, एकाच दिवशी आले. पोरगा तेल चोपडून सकाळीच देवळाकडे पळाला, हे त्याच्यामागून गेले, सासूबाई कालच्या एकादशीच्या जागरणाने आडव्या झाल्यात. देवकीकृष्णाच्या देवळातलं भजन अजून कानात घुमतंय. पाऊस धो धो. आणि मला चक्क दिवसाउजेडी पोथी घेऊन बसायला मिळालंय. गोव्यातल्या या माशेल गावात राहून वर्षभरात असा दुसरा दिवस मला आठवत नाही.

ज्ञानेश्वरी हातात घेतली त्याला काल वर्ष झालं. मी ऑफिसात दिवसभर हिशेब लिहिणारी बाई, तेव्हा सुरुवातही तशीच केली. ओव्या सुमारे ९,०००, आषाढी ते कार्तिकी चार महिने, भागिले, म्हणजे रोज ७५. फोनवर तक्ता केला. झालेल्या दिवसाला हिरवा रंग, चुकलेल्याला लाल. पहिले दोन आठवडे हिरवेगार गेले, माझं मलाच कौतुक वाटलं. मग पोराला ताप आला, पाठोपाठ ऑफिसात महिनाअखेर, आणि सहा दिवसांत ४५० ओव्यांची थकबाकी. ती भरून काढायला एका रात्री अकरापर्यंत नुसती ओठ हलवत बसले होते. सासूबाई पाणी प्यायला उठल्या, दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "गो, तू पोथी वाचतेस की चोपडी लिहितेस?"

राग आला. खरं बोललं की येतोच.

गंमत म्हणजे तो हिशेबही कच्चा होता. मनात 'अध्याय अठरा, बारा झाले की दोन तृतीयांश काम संपलं' असं धरलेलं. प्रत्यक्षात पहिल्या बारा अध्यायांत मिळून निम्म्याही ओव्या नाहीत. बारावा २४७ ओव्यांत आटोपतो, आणि लगेच पुढचा तेरावा हजाराच्या वर जातो. अठरावा तर १८०० च्या पुढे. माउलींनी १२९० मध्ये नेवाशाला हे सांगितलं तेव्हा कुणाच्या सोयीने सारखे तुकडे पाडायचे त्यांच्या मनातही नसणार. जिथे सांगण्यासारखं आहे तिथे ते थांबतात, आणि मग हलतच नाहीत. (दासबोध या बाबतीत गृहिणींना सोयीचा, वीस दशकं, प्रत्येकात दहा समास, दिवसाला एक समास धरला तर २०० दिवस. पण मला ज्ञानेश्वरीच हवी होती.)

तक्ता पुसून टाकला आणि पुन्हा पहिल्या ओवीपासून सुरुवात केली. आता रोज दहा-पंधरा ओव्या, कधी सात. चुकला दिवस तर चुकला, थकबाकी काढायची नाही. हे लिहायला सोपं आहे, माझ्यासारखीला महिनाभर जमलं नाही. रात्री अंथरुणात पडल्यावर आकडे डोळ्यांसमोर यायचेच.

वेळेचा घोळ मात्र बरेच दिवस चालला. पहाट करून बघितली, पण डब्याची घाई पाठीवर असली की ओवीच्या तिसऱ्या चरणात भाजी करपते. संध्याकाळी पणजीहून बस कधी साडेसहाला सोडते, कधी सवासातला, तेव्हा घड्याळाची वेळ धरण्यात अर्थच नव्हता. शेवटी दिव्याला बांधून घेतलं. तुळशीपुढे दिवा लावला की पाय धुऊन थेट देवाकुडीत, म्हणजे देवघरात. दिवा रोज लागतोच, त्यामुळे 'आज बसू का नको' हा प्रश्नच उरत नाही. फोन तांदळाच्या डब्यावर, स्वयंपाकघरात. तो तिथे वाजला तरी उठून जावं लागतं, आणि उठायचा मला कंटाळा आहे. माझ्या आळसाचा आयुष्यात हा एवढाच उपयोग झाला असेल. पाववाल्या पोदेराचा भोंपू तेवढा ऐकू येतो, त्याला इलाज नाही, पाव घ्यावेच लागतात.

पावसाळ्यात पोथी सांभाळणं हे वेगळंच काम. गेल्या श्रावणात पुठ्ठ्यावर हिरवी बुरशी धरली होती आणि सहाव्या अध्यायात कसर शिरलेली. आता वेखंडाचा तुकडा ठेवून सुती कापडात बांधते, ऊन पडलं की राजांगणात, घरातल्या मधल्या चौकात, पाटावर उघडून ठेवते. ऊन पडलं की, हे महत्त्वाचं.

शिवाय एक वही केली आहे. डाव्या पानावर अडलेले शब्द, उजव्या पानावर मला काय वाटलं ते. डावी पानं भरून वाहतात, उजवीकडे कित्येक दिवस नुसती तारीख. घरात आम्ही कोंकणी बोलतो, आरती-भजन मराठीत, आणि ही मराठी तर सातशे वर्षांपूर्वीची. पण गोव्यात ओवी काही परकी नाही. केळशीच्या कृष्णदास शामांनी १५२६ मध्ये कृष्णचरित्र ओव्यांत लिहायला घेतलं होतं, आणि १६१६ मध्ये राशोलला छापलेलं फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराणही ओव्यांतच आहे. तरी अडायचं ते अडतंच.

सासूबाईंना वही पटलेली नाही. त्या दरवर्षी पारायण करतात, सात दिवसांत, अर्थाला न थांबता. पूर्वी मी त्याला मनातल्या मनात हसायचे. आता नाही. मी शब्द शोधत बसलेली असते आणि त्या आतल्या खोलीतून पुढची ओवी तोंडपाठ म्हणून मोकळ्या होतात. मी वर्षभरात निम्म्यावर आले. त्यांच्या तोंडी अठराही अध्याय आहेत.

सध्या तेराव्यात आहे. गीतेतला 'अहिंसा' हा एक शब्द, आणि माउली त्यावर शंभराहून जास्त ओव्या बोलतात. तो माणूस चालतो कसा, इथपासून. लाट पायाने फुटू नये, पाण्याचा संथपणा मोडू नये असं 'जळीं बकु जैसा । पाउल सुये', बगळा पाण्यात पाऊल टाकतो तसं. दोन दिवस तिथेच अडून होते. बगळ्याचं पाऊल म्हणजे हळू, एवढंच वाटत होतं. परवा बाणस्तारीच्या पुलाजवळ बस अडकली. खिडकीबाहेर खाजनात, खाडीकाठच्या सखल शेतात, गुडघाभर पाणी आणि त्यात एक बगळा. पाय उचलला, बोटं मिटली, पाण्याच्या वर क्षणभर तसाच धरला, आणि मग चटकन आत. पाण्यावर एक वर्तुळही उठलं नाही. हळू नव्हतंच ते. घरी येऊन पाहिलं तर ओवीत 'वेगें' असं स्पष्ट लिहिलेलं, मीच वाचलं नव्हतं. आणि 'दिठी घालूनि आंविसा' म्हणजे नजर भक्ष्यावर! अहिंसेच्या दाखल्याला शिकारीवर टपलेला पक्षी. यावर माझी उजवी दोन पानं भरली आणि अजून समाधान झालेलं नाही. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "पाय बघ गो, चोच कशाला बघतेस?"

आज पुढे सरकावं म्हणून बसले. सातव्या ओवीपर्यंत आले तेवढ्यात दार ढकललं गेलं. पोरगा. डोक्यापासून पायापर्यंत चिखल, फक्त डोळे आणि दात दिसताहेत. "आई, तू उठू नको हां, वाच तू," म्हणत तो चवड्यांवर, एकेक पाऊल जपून टाकत, मला त्रास नको म्हणून अगदी आवाज न करता न्हाणीघरापर्यंत गेला.

राजांगणभर बावीस पावलं. मोजली मी.