बारा दिवसांची मजुरी कुठे गेली ते शोधताना

आमचं गाव गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात. भात कापून झालं की काजू धरेपर्यंत वाड्यावरच्या बायकांच्या हाताला काम नसतं, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये आम्ही सातजणींनी मनरेगाचं, म्हणजे सरकारी रोजगार हमीचं, काम मागितलं. व्हाळ, म्हणजे ओढा, गाळाने भरलेला, पावसात पाणी सरळ शेतात शिरायचं, तर तोच साफ करायचा ठरला.

पहिली अडचण माझ्या नावाची. लग्नात माझं नाव बदललं, आमच्याकडे बऱ्याच घरांत अजून बदलतात, पण आधारवर माहेरचंच राहिलं आणि जॉब कार्डवर, म्हणजे मनरेगाच्या कार्डावर, मी सासरचं लिहिलं होतं. दोन्ही जुळल्याशिवाय मजुरी निघत नाही, १ जानेवारी २०२४ पासून पेमेंट आधारवरच आहे. लग्नाचा दाखला घेऊन पंचायतीत दोन फेऱ्या मारल्या, जॉब कार्डवर आधारसारखंच नाव करून घेतलं. आणि कामाचा अर्ज दिलात तर तारखेची पोचपावती घ्याच, तोंडी सांगून येऊ नका, कारण १५ दिवसांत काम मिळालं नाही तर बेकारी भत्ता मिळायला हवा, पहिले ३० दिवस मजुरीच्या निदान पाव हिश्शाइतका, आणि ती तारीखच नसेल तर मागणार कशाच्या जोरावर?

काम १२ दिवस चाललं. चिखल पाट्या भरून वर काढायचा, कंबर मोडते हो, पण सगळ्या एकत्र होतो, मजा पण आली. सकाळी आणि दुपारी मोबाईलवर हजेरीचा फोटो. व्हाळात रेंज नाही, मग रोजगार सेवक फोटो काढून वर देवळापाशी जायचा आणि तिथून अपलोड करायचा. तेव्हा दर ३५६ रुपये होता, म्हणजे माझे ४,२७२.

मस्टर, म्हणजे हजेरीपट, बंद झाल्यावर १५ दिवसांत पैसे यायला हवेत. बाकीच्या सहाजणींचे आले, माझे नाहीत. बँकेत पासबुक छापून आणलं, काही नाही. परत गेले तर काउंटरवरून उत्तर आलं की तुमचे पैसे सरकारनेच पाठवले नसतील. मी रडायच्या बेतात होते, खरंच सांगते. शेवटी गटविकास कार्यालयात गेले, तिथल्या कॉम्प्युटरवाल्या मुलीने जॉब कार्ड नंबर टाकला आणि म्हणाली, "बाय, पैसे जमा झालेत, पण दुसऱ्याच बँकेत."

ते खातं कॉलेजच्या स्कॉलरशिपसाठी डिचोलीत उघडलेलं! तिने समजावलं तेव्हा कळलं. सासरच्या बँकेत मी आधार दिला होता तो फक्त केवायसीसाठी. सरकारी पैसे खात्यात यायचे तर आधार त्या खात्याला जोडायचा फॉर्म वेगळा भरावा लागतो, आणि आधार एका वेळी एकाच खात्याला जोडलेला असतो. मी फॉर्म कधी भरलाच नव्हता, म्हणून माझा आधार अजून त्या जुन्या खात्यालाच.

आईने पेटीतून पासबुक शोधून काढलं. दोन वर्षांहून जास्त व्यवहार नाही म्हणून खातं बंद पडल्यासारखं, परत केवायसी करावी लागली, त्यात आठवडा गेला, पण पैसे पूर्ण मिळाले. मग सासरच्या बँकेत तो फॉर्म भरला आणि पोचपावती घेतली.

तुमचा आधार कुठल्या बँकेला जोडलाय ते आधारच्या साइटवर बघता येतं, नंबर टाका, आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, बँकेचं नाव दिसतं. काम मागायच्या आधीच बघा, घाम गाळून झाल्यावर नको. पुढच्या कामाला येणार म्हणणाऱ्या तिघींचं मी माझ्याच मोबाईलवर बघून दिलं, एकीचं चुकीचंच निघालं. चौथीचा मोबाईल नंबर आधारला जोडलेलाच नाही, तिला घेऊन सोमवारी आधार सेंटरवर जायचंय.